तुझं आडनाव, माझं मत

प्रिय ब्रिजीबाई,

माझा स्टीलचा डबा विसरलीस. शंकरपाळ्या भरून दिला होता, आयर्लंडहून आले की परत करते म्हणालीस. बहिणीला भेटायला गेलीस ती तिथेच राहिलीस, बापाच्या शेजारी. सगळ्या मतदारसंघाची माणसं त्यांच्या गाईंसकट पाठ असलेली बाई तू. तुला एक डबा लक्षात राहू नये?

हे मेधा लिहितेय, माझी सून. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे. मी बोलते, ती लिहिते, आणि नको ते गाळते असा मला संशय आहे.

आजच का लिहिते? शनिवारी इथे कॅनडात, आपल्या बर्नाबीत नगरपालिकेचं मतदान आहे आणि तुझी लेक नोरा उभी राहिलीय. तुझा आजा, तुझा बाप, तू, आता ती. चौथी पिढी! आणि मला मत द्यायचंय, एकटीने. मुलगा म्हणतो, आई, मी येतो बरोबर, नाव दाखवतो. मी नको म्हटलं तर रुसून बसलाय.

गेल्या खेपेला तू उभी होतीस तेव्हा मी काय घोळ घातला, आठवतो ना? आमच्या गावी मताच्या कागदावर चित्रं असायची. आपलं चित्र शोधायचं, शिक्का मारायचा, घरी येऊन भाकरी थापायची. इथे कागद उघडला तर सगळ्या मुंग्याच मुंग्या. चित्र एकच, अगदी वरती, ढालीसारखं. म्हटलं, बाई नगरपालिकेला उभी आहे, हेच तिचं चिन्ह. चांगली ठसठशीत फुली मारली त्याच्यावर. तुला येऊन ऐटीत सांगितलं तेव्हा कळलं की ते नगरपालिकेचंच बोधचिन्ह होतं. तू इतकी हसलीस की चष्मा काढून ठेवावा लागला. मग तू पडलीस. चांगली सणसणीत पडलीस, माझ्या एका मताने काही तरली नसतीस. तरी ती फुली मला अजून टोचते.

तुला मात्र पडल्याचं काही वाटलं नाही. पुढच्या गुरुवारी कम्युनिटी सेंटरमध्ये आपलं टेबल मांडून बसलीस. कुणाचा फॉर्म, कुणाचा बसचा पास. आपल्या बसस्टॉपवर छप्पर आलं ते तुझ्या पत्रांमुळे. निवडून आलेले घरी होते आणि पडलेली बाई कामावर!

इथे येण्याआधीची, आयर्लंडमधली तुझी सगळी गोष्ट मेधाने मला रविवारच्या चहाला मराठीत करून सांगितली. बाप गेला, त्याला माती देऊन घरी आलात, तर पक्षाची माणसं चहा पीत बसलेली, बापाच्या जागी उभा राहील म्हणून तुझ्या भावाकडे बघत. भावाला गाईंमधून उठायचं नव्हतं. तू शाळेत शिकवत होतीस, सव्वीस वर्षांची. "मी आहे की," म्हणालीस. घरोघरी चिखल तुडवलास, कुत्रं चावलं, घोट्यावरचा वण मला दाखवलास. संसदेत गेलीस तर बायकांचं वॉशरूम दोन मजले खाली! उपमंत्री झालीस आणि पहिल्यांदा काय केलंस? खेड्यांत नळ नेले. बादल्या कोण वाहतं ते तुला माहीत होतं. मी हे देवळात प्रत्येक बाईला सांगितलंय. काहीजणींना दोनदा.

आणि एवढी मोठी बाई, तरी मतदारांच्या मयताला जायची सवय गेली नाही. आमचे हे गेले तेव्हा दारातल्या चपला बघून तू आलीस. ओळख ना पाळख. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारच्यांनी अन्न न्यायचं, हे तुमच्याकडेही आहे हे मला तेव्हा कळलं. पण आणलंस काय? हॅमचे सँडविच, डुकराचं मांस! मेधाने हळूच सांगितलं, तशी तू लाल झालीस, ट्रे उचललास आणि तासाभरात मनुकांचा ब्रेड घेऊन परत आलीस, ओव्हनमधून काढलेला. तीन दिवसांनी माझ्या पोटात काही गेलं ते तेच.

तू माझ्या दारी आलीस. मला मात्र तुझ्या मयताला येता आलं नाही. असं करतात का गं?

फुलीच्या त्या गोंधळानंतर मी म्हणाले होते, आता मुलाला बरोबर नेईन. तेव्हा तू पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवलास. "मत द्यायच्या जागी दोन माणसं मावत नाहीत. माझ्या आईने माझ्या बापाला मत दिलं की नाही, हे तो मरेपर्यंत त्याला कळलं नाही."

मग तू तुझ्या प्रचाराच्या पाटीवरचं आडनाव कापून आमच्या फ्रिजवर लावलंस. बापाचं आडनाव तू सोडलं नाहीस, नोरानेही नाही, ते बरं झालं. आधी वाटोळी पोळी, मेधा तिला 'ओ' म्हणते, तिच्या उजव्या खांद्याशी मिठाची चिमूट, मग पुढची सगळी वेलबुट्टी. रोज सकाळी मी तीच रांगोळी काढते, मागच्या दारी. परवा पोस्टमन थांबला आणि तुझं आडनाव मोठ्याने वाचलं. मी घरात येऊन पदराने डोळे पुसले. मेधा, हेही लिही.

उजळणी घ्यायला तू नाहीस, याचाच राग आहे. नोराच्या आडनावासारखीच पोळी त्या कागदावर आणखी कुणाच्या नावात निघाली तर? तरी पुढची वेलबुट्टी शेवटपर्यंत बघीन, घाई करणार नाही.

शब्द देते, शनिवारी मी एकटी आत जाईन. मुलगा बाहेर गाडीत बसेल. ढालीकडे बघणार नाही. आणि फुली कुठे मारली ते कुणालाही सांगणार नाही, मुलाला नाही, नोरालाही नाही. तूही वरून डोकावू नकोस.

तुझी,
गोदाक्का
(अंगठा माझा, शाई मेधाच्या पेनातली.)

ता. क. डबा तुझ्या स्वयंपाकघरात असेल. नोराच्या स्वप्नात जाऊन सांग, निवडणूक झाली की पाठव म्हणावं. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. मनुकांचा ब्रेड घालायला सांग, जाड कापलेला, लोणी वेगळं. हॅम नको.