शाळूचं एक पोतं कमी

आप्पा,

मी बेदाण्याच्या शेडवर कामाला जाते. पिठलं-भाकरी झाकून ठेवलीय. खाऊन आज बाजाराला जावाच. आत्याबाई गेल्यापासनं तुम्ही उंबरा ओलांडला न्हाई, पण सुगीचा भाव आपल्यासाठी थांबत न्हाई. वर्षाच्या भाकरीचा शाळू आत्ताच भरून ठेवला न्हाई, तर पावसाळ्यात दुकानातनं किलो-किलोनं आणायला लागंल. ते लय महाग पडतंय.

पहिल्याच ढिगाला भुलू नका. आधी सगळा बाजार फिरा, मग दाणा दाताखाली धरा. कट्ट वाजला तरच घ्या. मऊ लागला तर ओला हाय, घरी आणल्यावर वजन घटतंय. हे सगळं आत्याबाई करायच्या आणि तुम्ही नुसती पिशवी धरून उभं राहायचा, ते मी लग्न होऊन आल्यापासनं बघतेय. तरी जावा.

दरसालपेक्षा एक पोतं कमी घ्या.

बाजारात भरतेशअण्णांच्या धान्याच्या दुकानात जायला कचरू नका. "वहिनी कुठं हायत?" असं ते विचारणार न्हाईत. मी कालच त्यांना फोन करून सांगितलंय. तुम्ही नुसता भाव करा.

पल्लवी