उलटी ठेवलेली चप्पल

प्रिय भिंगरी,

परवा फोनवर तू सरळ विचारलंस, की बाबा, जुन्या नहरेचं पाणी नेमकं कशानं आटलं, आणि मी म्हणालो, आता काही आठवत नाही गं. तू लगेच विषय बदललास, गोळ्या घेतल्या का विचारलंस. म्हातारा विसरायला लागला म्हणून तुझा आवाज जो मऊ झाला, तो मला लागला. मला सगळं आठवतं. आमच्या वस्तादांच्या चपलेचा अंगठा कुठल्या रंगाच्या दोऱ्यानं शिवला होता, तेसुद्धा. तेव्हा हे पत्र शांत बसून वाच, आणि शुक्रवारी अहवाल द्यायच्या आत वाच. ‘मूळ झरा आटला आहे’ एवढं तू लिहिलंस, की जुन्या शहराखालची ती सगळी नहर मुरूम टाकून बुजवणार आणि वर गाड्या लावायला जागा करणार, हे तूच मला सांगितलंयस.

तुला नहर कागदावर ठाऊक आहे, मला पायांनी. अकरा वर्षं मी वस्तादांच्या हाताखाली तिची देखभाल केली. डोंगरातल्या झऱ्यापासून चौकातल्या हौदापर्यंत पाणी जमिनीखालून यायचं, ना पंप ना वीज. मधे हवा खेळायला आणि माणूस उतरायला विहिरीसारखी तोंडं, त्यांना आम्ही उसासे म्हणायचो. वस्ताद उसाशाच्या काठाला कान लावून सांगायचे, आज पाण्याचा घसा बसलाय, उतरा खाली. मला पहिल्या वर्षी काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. मी आपला मान डोलवायचो, आणि त्यांनाही ते कळायचं.

खालचा हौद धुवायचा असला की सातव्या उसाशात पाणी अडवायचं. खापरी नळाच्या तोंडात लाकडी दट्ट्या ठोकायचा, त्याची तांब्याची साखळी वर कडीला अडकवायची, आणि डाव्या पायातली चप्पल उसाशाच्या तोंडाशी उलटी ठेवायची. हा वस्तादांचा दंडक. एका पायात चप्पल घालून माणूस घरी जात नाही, म्हणायचे, म्हणून दट्ट्या आत राहत नाही. दिवसभर आम्ही लंगडत हौद घासायचो आणि मुलं आम्हाला हसायची.

तू सहा वर्षांची होतीस. भर उन्हाळ्यातली दुपार, मी हौदात, आणि शेजारच्या काकू धापा टाकत आल्या. तुझा ताप डोक्यात गेला होता, तू कुणाला ओळखत नव्हतीस. मी उठलो तो धावतच सुटलो. रस्ता तव्यासारखा तापलेला. वाटेत सातवा उसासा लागला, चप्पल दिसली, ती उचलून पायात घातली आणि पुढे पळालो. चप्पल दिसली आणि दट्ट्या दिसला नाही. आजही सांगतो, त्या क्षणी सगळं शहर तहानेनं मेलं असतं तरी मला दिसलं नसतं.

एकोणीस दिवस आपण दवाखान्यात होतो. परत आलो तेव्हा हौद कोरडे पडलेले, खालचे उसासे कोरडे, आणि झरा आटला असं कचेरीनं ठरवूनसुद्धा टाकलेलं. वस्ताद तो महिनाभर परगावी होते. देखभालीत हयगय केली म्हणून त्यांना घरी बसवलं. मी त्याच दिवशी जाऊन साखळी ओढायला हवी होती. पण पाणी आलं असतं, तर दट्ट्या कुणी लावला हेही विचारलं असतं. मी भ्यालो, भिंगरी. उद्या ओढू, परवा ओढू, असं करत राहिलो. तोवर घरोघर नळ आले आणि हौदांचं कुणाला काही वाटेनासं झालं. वस्तादांनी मला कधीच काही विचारलं नाही. एकदा रस्त्यात भेटले तेव्हा माझ्या पायांकडे बघितलं आणि पोरगी बरी आहे ना, एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी गेले. मी खांदा द्यायला गेलो होतो, आणि तिथेही तोंड उघडलं नाही.

याहून वाईट पुढे आहे. नंतर कचेरीनं नहरेचा नकाशा काढायला मलाच बसवलं, आणि मी त्यातून सातवा उसासा गाळला. तोच नकाशा आज तुझ्या टेबलावर आहे. तुमच्या लोकांनी खालचे उसासे उघडले, ते कोरडे निघणारच. सातवा शिंप्याच्या दुकानामागे आहे, फरशीखाली. तुंबलेलं पाणी वाट फोडून ओढ्याला जातं. शिंपी बिचारा चौतीस वर्षं ओल्या भिंतीपायी नळवाल्यांच्या नावानं खडे फोडतोय, दर वर्षी रंग देतो आणि दर वर्षी पोपडे धरतात. मी रोज सकाळी फिरायला म्हणून जातो आणि त्या भिंतीला हात लावून येतो. झरा आटलेला नाही.

हे तुला इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण तू तुझ्या तापाला दोष दिला असतास. देऊ नकोस. धावत आलो याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. परत गेलो नाही, ते पाप माझं. अहवालात तसंच लिही, माझ्या नावानिशी, आणि जुन्या कागदावर वस्तादांच्या नावापुढे जे लिहिलंय ते खोडून टाक. माझी लाज राखायला माझं नाव वगळशील, तर तू माझ्यासारखीच निघालीस म्हणेन. गुरुवारी सकाळी माणसं घेऊन ये. फरशी उचलली की उजव्या हाताला कडी आहे. साखळी तांब्याची, टिकली असेल. दट्ट्या मी लावला होता, तो मीच काढीन. तू खाली चौकातल्या हौदाशी उभी राहा. मी डावी चप्पल उलटी ठेवून बसेन, आणि पाणी आलं असा तुझा निरोप येईपर्यंत ती पायात घालणार नाही.

चौतीस वर्षं उशीर झालेला, तुझाच
बाबा