डाव्या कोपऱ्याचा माणूस

४ जाने., रविवार

अमेरिकन फुटबॉलच्या सीझनमधली शेवटची मॅचही आमची टीम हरली. सुलभाकाकूंकडे पाहिली, नेहमीसारखी. काका तिसऱ्या क्वार्टरला झोपले. मॅच संपली तसा केदार टाळ्या वाजवायला लागला. (काकूंचा मुलगा. ऑफिसात माझ्या शेजारी बसतो, जन्म इथलाच.) बाबांना कळेना. मग त्याने त्यांना ड्राफ्ट समजावला: "काका, जी टीम हरते ना, ती आधी पिक करते. कॉलेजचे बेस्ट प्लेयर्स. आपण थर्ड."

बाबा टीव्हीकडून त्याच्याकडे वळले. "म्हणजे हरणाऱ्याला आधी निवडू देतात?"

"येस."

"हा देश मला आत्ता आवडला."

ऑक्टोबरपासून इथे आहेत. ग्रँड कॅन्यन पाहूनही एवढं बोलले नव्हते.

७ जाने.

बाबांचा माणूस आधीच ठरलेला आहे. नोव्हेंबरात त्यांना कॉलेजची मॅच दाखवायला नेलं होतं, तेव्हा पाहिलेला. पाहुण्या टीमचा लेफ्ट टॅकल. क्वार्टरबॅक चेंडू फेकायला उभा राहतो तेव्हा त्याला त्याच्या डाव्या पाठीमागचं दिसत नाही. तिकडून येणाऱ्याला थोपवायचं, एवढंच याचं काम. चेंडूला हातही लागत नाही.

बाबा नागपूरच्या शाळेत पी.टी.चे सर होते, कबड्डीची टीम तेच निवडायचे. त्यांच्या भाषेत हा डावा कोपरा. "आपला दिवाकर अस्साच उभा राह्यचा. पाय पाह्य त्याचे." दिवाकर त्यांचा जुना विद्यार्थी. तेव्हापासून घरात या मुलाचंही नाव दिवाकर. खरं नाव आता मलाच आठवावं लागतं.

त्या मॅचला बाबा दुर्बीण एकाच डोळ्याला लावत होते. मी काही विचारलं नाही.

११ जाने.

बाबांना एअरपोर्टवर सोडलं. सप्टेंबरात सीझन सुरू होईल तेव्हा परत या, म्हटलं.

"इथं मी काय करू? तू कामावर जाते. मी पडदे उघडतो अन् लावतो."

रांगेत शिरता शिरता मागे वळले. "दिवाकर घेतला तर येतो. नाही तर नाही."

हसले नाहीत. म्हणजे अट आहे असं धरायला हरकत नाही.

घरी आले. पडदे उघडेच होते. तसेच ठेवले.

१४ फेब्रु.

या वर्षीच्या सगळ्या लेफ्ट टॅकल्सची क्रमवारी लावली. उंची, वजन, वेग, हाताची लांबी. लांबीला जास्त भार दिला, कारण लांब हातांचा माणूस समोरच्याला अंगाजवळ येऊच देत नाही. दिवाकर सातवा आला. हात आखूड आहेत.

केदारने माझ्या स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं. "यू बिल्ट अ मॉडेल फॉर युअर डॅड्स क्रश?"

मी खिडकी मिनिमाइझ केली.

बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "हात मोजतात? अन् पाय?"

"पायांचा डेटा मिळत नाही, बाबा."

"मग तू पाहून सांग."

२८ फेब्रु., शनिवार

आता हे ठरूनच गेलंय. शुक्रवारी दिवाकरची एखादी क्लिप शोधून बाबांना पाठवते. शनिवारी सकाळी, त्यांची संध्याकाळ, फोन. मी क्लिप थोडी थोडी पुढे सरकवत बोलते. ते म्हणतात, पाय सांग. उजवा मागे, छोटं पाऊल. डावा त्याच्यामागून. गुडघे वाकलेले. टाच उचललेली नाही. ते मध्येच "हं" करतात.

बाहेर संत्र्याच्या झाडांना मोहर आलाय. पूर्ण गल्लीत वास. खिडकी उघडी ठेवून बोलत होते. लहानपणी झोपताना बाबा मला कबड्डीच्या मॅच सांगायचे. राजा-राणीच्या गोष्टी त्यांना येत नव्हत्या. कुणाचा पाय कुठे होता, रेषा किती लांब होती. रेडर रेषेपाशी पोचायच्या आत मला झोप लागायची. बहुतेक मॅचचा निकाल मला आजही माहीत नाही.

१० मार्च

चिप बनवायच्या क्लीनरूममध्ये दुपारभर. लिथोच्या भागातला (तिथे चिपवर प्रकाशाने नक्षी उमटवतात) तो पिवळा उजेड, त्यात वेळ कळत नाही. मशीनला पार्ट येईपर्यंत उभी होते आणि डोक्यात सप्टेंबर चालू होता. दिवाकर आमच्या जर्सीत. क्वार्टरबॅक निवांत उभा, जणू अंगणात. बाबा स्टँडमध्ये, डोक्यावर केदारची टोपी, हातात शेंगदाणे, शेजारच्या कुठल्या तरी गोऱ्या माणसाला डावा कोपरा समजावतायत आणि त्याला समजतंय.

मास्कच्या आत कोण हसतंय ते कुणाला दिसत नाही. सोय आहे.

१९ मार्च, गुढीपाडवा

काकूंनी गुढी मागच्या अंगणात उभारली, पुढे लावली की वस्तीतल्या घरमालकांच्या असोसिएशनची नोटीस येते. श्रीखंड घरचं. काकू म्हणाल्या, "तुझ्या बाबांना सांग, पुढच्या पाडव्याला त्यांनीच गुढी उभारायची. आमचे हे शिडीवर चढले की मला धडकी भरते." काका श्रीखंड खात राहिले.

बाबांना तिथूनच फोन केला. नमस्कार झाल्यावर म्हणाले, "तुझा दिवाकर नको."

माझा?

"उजवा पाय आधी मागं टाकते तो. दर वेळेस तू तेच सांगून राहिली. डाव्या कोपऱ्यानं डावा आधी काढला पाह्यजे, नाही तर आतली बाजू सताड उघडी पडते. नोव्हेंबरात मलेच चुकीचं दिसलं असंल."

मग काकूंच्या श्रीखंडाची चौकशी करायला लागले. सप्टेंबरचा विषय काढला, तर म्हणाले, "आता कशाला."

२१ मार्च

क्लिपा पुन्हा पाहिल्या. दिवाकर डावाच पाय आधी टाकतो. दर वेळी.

चूक माझी. कॅमेरा समोरून आहे. त्याचा डावा पाय माझ्या उजवीकडे येतो आणि मी स्क्रीनवरची उजवी बाजू सांगत होते. बाबा सर आहेत, ते खेळाडूच्या अंगानेच बोलतात. कामावर वेफर, म्हणजे चिपची सिलिकॉनची चकती, पालथी केली की दोषांचा नकाशा आरशासारखा उलटतो. कुठल्या बाजूने पाहतोय ते आधी लिहा, असं नवीन लोकांना मी शिकवते.

हे इथपर्यंत साधं आहे. पुढचं नाही. क्लिप बाबांकडे होती. दर आठवड्याला होती. एकदा जरी पाहिली असती तरी त्यांनी मला तिथल्या तिथे झापलं असतं.

त्यांनी एकही पाहिलेली नाही. ते फक्त ऐकत होते.

२२ मार्च

लतामावशीला फोन केला. आईची बहीण, बाबांच्या वरच्याच मजल्यावर राहते. आधी म्हणाली काही नाही, नंबर वाढलाय. मी गप्प राहिले. गप्प राहिलं की मावशी बोलते.

डावा डोळा वर्षभरापासून. मधोमध डाग. आता उजव्यातही सुरू झालंय. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. पेपर ती वाचून दाखवते. "तुले सांगू नको म्हणाले. तिथून तू काय करणार, उगीच जीव टांगणीला." सप्टेंबरपर्यंत किती राहील, डॉक्टर सांगत नाहीत. सांगता येत नाही म्हणतात.

डावी बाजू, न दिसणारी. मी यावर काही लिहिणार नाही.

२८ मार्च, शनिवार

बाबांना आधी माझी चूक सांगितली. समोरून, मागून, डावा, उजवा. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तुले समजलं."

"हो."

"लता बोलली?"

"तुमच्या 'पाय सांग'वरून समजलं."

हसले. बऱ्याच दिवसांनी. मग सरळ सांगितलं. "मधात काही नाही दिसत. कडेकडेनं दिसते. टीव्हीवर मैदान दिसते, माणसं नाही."

इथे या, इथल्या डॉक्टरांना दाखवू, असं सगळं म्हटलं. मोठ्या मैदानात, उन्हात, कडेकडेने का होईना, एक सीझन. हे शेवटचं म्हटलं नाही, फक्त मनात.

"दिवाकर घेतला तर येतो म्हटलं ना."

"बाबा, तो खेळ आहे."

"मग मी काय वेगळं बोलून राहिलो?"

त्यांना कुणाच्या काळजीपायी यायचं नाही. मॅच पाहायला यायचंय. एवढं मला कळतं.

११ एप्रिल

पालो वर्देची झाडं फुललीत, फुटपाथ पिवळे. गाडीच्या काचेवर पाकळ्या, वायपर लावला नाही.

आज बाजू नीट सांगितल्या. त्याचा डावा, त्याचा उजवा. तासभर. शेवटी बाबा म्हणाले, "घ्या."

निवड समितीचा ठराव झाल्यासारखं.

माझ्या क्रमवारीत तो अजून सातवाच आहे. हाताच्या लांबीचा भार कमी केला तर दुसरा येतो. करून पाहिलं. मग परत पूर्ववत केलं. आकड्यांना इच्छा लागू द्यायची नसते. पण फाइल बंद केली नाही.

१८ एप्रिल

स्वप्न. आमच्या शाळेचं मैदान, पण त्यावर हिरवं गवत आणि यार्डाच्या पांढऱ्या रेषा. बाबा चुन्याची पिशवी घेऊन रेषा आखतायत, न बघता, सरळ. दिवाकर कोपऱ्यात उभा. त्याचा चेहरा दिसत नव्हता, हात आखूड होते. मी विचारलं, कुठल्या बाजूने बघू? कुणी उत्तर दिलं नाही, पण प्रश्न बरोबर होता असं वाटत राहिलं.

२३ एप्रिल, गुरुवार

आज ड्राफ्टची पहिली फेरी. ऑफिसातून लवकर निघाले. सं. ५ ला काकूंकडे. बाबांकडे पहाटेचे साडेपाच, चहा हातात. फोन स्पीकरवर, टीपॉयवर.

तिसऱ्या नंबरला आमची पाळी आली आणि टीमने ती पाळीच दुसऱ्या टीमला देऊन टाकली. बदल्यात या फेरीतली बरीच उशिराची पाळी आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीतली एक.

केदार कार्पेटवर आडवा झाला. "पुढच्या वर्षी. ऑलवेज पुढच्या वर्षी."

फोनमधून बाबा: "काय झालं? विकली का पाळी?"

"अदलाबदल, बाबा. उलट बरं आहे. दिवाकरला तिसऱ्या नंबरला कुणी घेत नाही. खालच्या नंबरला घेतील." मला खरंच तसं वाटत होतं. आतून हलकं वाटलं. हे अशासाठीच केलं असणार, असं.

उशिराची पाळी आली. चेंडू झेलणारा एक पोरगा घेतला. वेगवान, देखणा, सूट जांभळा.

काका जागे होते. सगळे फोनकडे बघत होते.

टीव्ही त्यांना दिसत नाही. मावशी अजून वरून खाली आलेली नाही. मी जे म्हणेन ते खरं होणार होतं. घेतला, एवढंच म्हणायचं. सप्टेंबर.

"नाही घेतला, बाबा. दुसराच घेतला."

चहाचा घोट ऐकू आला.

"मले वाटलं तू घेतला म्हणशील."

"म्हटलं नाही."

"म्हटलं असतं तर मी हो म्हणालो असतो," बाबा म्हणाले. "समजूनसवरून."

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या.

२४ एप्रिल, शुक्रवार

दु. १२

काल पहिली फेरी पूर्ण संपली, दिवाकरला कुणीच घेतलं नाही. हात आखूड. रात्री झोपायच्या आधी यादी दोनदा पाहिली. आज दुसरी फेरी, सगळ्या टीम पुन्हा निवडतात, त्यात आमची पाळी तिसरी. पुढे दोन टीम. एकीला टॅकलची गरज आहे, दुसरीला नाही. शक्यता काढता येईल. काढली नाही.

दु. ३.४०

काकूंकडे. थालीपिठं. बाबांचाच फोन आला, मी करायच्या आधी. नागपुरात अजून उजाडलेलंही नाही. कालचं कुणी काढलं नाही. "आज बोलू नको जास्त," म्हणाले. "फक्त पाय सांग."

"हा ड्राफ्ट आहे, बाबा. कुणी खेळत नाही. माणूस येऊन नाव वाचतो."

"मग त्याचे सांग."

दु. ४.१५

पहिल्या टीमने टॅकल घेतला. दुसराच, लांब हातांचा. माझ्या क्रमवारीतला तिसरा. केदारने माझा खांदा धरला आणि सोडून दिला.

दुसऱ्या टीमने धावणारा घेतला.

आता आम्ही. पडद्यावर घड्याळ उलटं चालू. दिवाकर त्याच्या घरी सोफ्यावर, आईवडिलांच्या मध्ये, फोन मांडीवर; निवडलेल्याला टीम आधी फोन करते. कॅमेरा समोरून. फोन वाजतोय का ते त्या बाजूने कळत नाही.

तिकडे मावशी खाली आलेली दिसते, भांड्यांचा आवाज.

घड्याळ थांबलं. आमच्या निवडीची चिठ्ठी गेली. स्टेजच्या बाजूच्या पडद्यामागून नाव वाचणारा माणूस निघाला, चालत येतोय.

"निघाला, बाबा."

"पाय सांग."

"डावा आधी," म्हटलं. "त्याचा डावा."