पिल्लं बाहेर येईपर्यंत

४ मार्च, मंगळवार
यांनी स्वतःच डायलिसिस सेंटरला फोन करून सांगितलं, यापुढे येणार नाही. दूधवाल्याला उद्यापासून नको म्हणावं तसं. मी किचनमध्ये होते, तिथून ऐकलं. चार वर्षं, आठवड्यातून तीन दिवस जात होतो. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस, फार तर पंधरा.
मुलाला, अमोलला, फ्रिस्कोला फोन करून कळवलं. म्हणाला, तिकीट बघतो.
दिवसभर यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी यांनी केळ्याचं शिकरण मागितलं. किडनी गेल्यापासून केळं बंद होतं. करून दिलं. वाटी चाटून पुसून खाल्ली.

६ मार्च, गुरुवार
हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांत घरी येऊन बघणारी, नर्स आली, कॉट हॉलमध्ये लावली. ती कॉटचं तोंड खिडकीकडे करत होती. यांनी फिशटँककडे करायला लावलं.
टँकमधला मिशाळ कॅटफिश मातीच्या पाइपात अंडी धरून बसलाय. यांना तिथून दिसेना, म्हणून मला टॉर्च घेऊन वाकायला लावलं. नारिंगी गोळा, भिजलेल्या साबुदाण्यासारखा. शेपटीनं सारखा वारा घालतो. मादी अंडी घालून मोकळी, पुढचं सगळं नरच बघतो म्हणे. जेवायलासुद्धा बाहेर येत नाही.
तेहतीस वर्षं यांनी मासे पाळले, मी कधी त्या पाण्यात बोट घातलं नाही. पिल्लं पाइपाबाहेर यायला किती दिवस लागतात विचारलं.
"बारा-तेरा."
मी टॉर्च बंद केला.

८ मार्च, शनिवार
पाणी बदललं. म्हणजे मी बदललं, हे कॉटवरून हुकूम सोडत होते. नळाचं तसंच ओतू नको, आधी क्लोरीन मारायचे थेंब टाक. गार लागतंय का बघ. पाइपाला धक्का लावू नको, घाबरला तर अंडी बाहेर ढकलून देईल. बादली कार्पेटवर सांडली. हे ओरडले, मीही ओरडले. चार दिवसांचं सगळं बाहेर आलं. फोन करायच्या आधी मला विचारलं का नाही?
"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. मग मी तुझ्यासाठी अजून वर्षभर गेलो असतो तिथे."
कार्पेट पुसत बसले. बराच वेळ पुसत होते.

९ मार्च
अमोल आला. बाबांचे सुजलेले पाय बघून बाथरूममध्ये गेला, नळ सोडून ठेवला.

११ मार्च, मंगळवार
अंडी फुटली! पिल्लं म्हणजे नुसती पिवळी पोटं आणि शेपट्या. पाइपाला आतून चिकटून असतात. पोटातलं पिवळं संपेपर्यंत काही घालू नका, असं यांनी दोनदा सांगितलं. नंतर उकडलेल्या झुकिनीची चकती, तळाला, रोज बदलायची. अमोल फोनवर टाइप करून घेत होता. लहानपणी त्याला या माशांचा कंटाळा यायचा.
यांना खाज फार. पाठीला तेल लावलं. झोपच जास्त.

१३ मार्च
जागे असे दोनदाच झाले. एकदा माझा हात धरून विचारलं, "आहेत का?" आहेत म्हटलं. मासे की आणखी कोण, कळलं नाही. विचारायला हवं होतं.

१४ मार्च, शुक्रवार
हे गेले. सकाळी दहा चाळीस. अमोल जवळ होता. मी चहा गाळत होते. त्यानं हाक मारली तेव्हा गाळणं हातातच

१७ मार्च, सोमवार
काल अंत्यविधी झाला. शनिवार-रविवार घर भरलेलं. आमच्या पिस्कॅटवे गावातली सगळी मराठी माणसं येऊन गेली, कोणी भात आणला, कोणी वरण. कोणीतरी चहाचं मोठं विजेचं भांडं लावायला फिशटँकचा प्लग काढला. नंतर परत लावायचं राहून गेलं.
आज दुपारी कॉट न्यायला माणूस आला, तेव्हा बघितलं. हीटर बंद, फिल्टर बंद. पाणी गार. तळाला पांढरी पिल्लं पडलेली. नर पाइपातच, पण शेपूट हलत नव्हती. प्लग लावला. तासाभरानं हलायला लागली.
चहाचं भांडं कोणी लावलं होतं मला माहीत आहे. तिला सांगणार नाही. बिचारी तीन दिवस माझ्या घरची भांडी घासत होती.
मेलेली जाळीनं काढून अमोलकडे दिली. अंत्यविधीत डोळ्यांतून टिपूस नाही, आणि आता सिंकपाशी उभा राहून मोठ्यानं रडला. "मला माहीत होतं ना आई, हीटर लागतो. बाबांनी सगळं लिहून घ्यायला लावलं होतं." मी पाठीवरून हात फिरवत राहिले. मला रडू आलं नाही.

२० मार्च
नर पाइपाबाहेर आला. तीन पिल्लं काचेवर, दोन लाकडावर. पिवळी पोटं गेली. झुकिनी उकडली, चकती टाकली. त्यांनी ढुंकून बघितलं नाही.
जेवताना अमोलनं विषय काढला. एकटी कशी राहशील, घर विकू, फ्रिस्कोला चल. सूनही फोनवर प्रेमानं बोलली. बघू म्हटलं.

२२ मार्च, शनिवार
चकतीवर एक बसलं! हाक मारायला वळले. हॉल मोकळा. कॉटच्या पायांचे चार खळगे कार्पेटवर.
तेव्हा रडले.

२४ मार्च, सोमवार
अमोल काल गेला. जाताना नवी चादर घालून दिली, औषधं फेकली, यांचा शेव्हिंगचा डबा मात्र तसाच ठेवला.
दुपारी यांच्या फिश क्लबातल्या कुलकर्णीकाकांचा फोन. शनिवारी व्हॅन आहे, टँक घेऊन जाऊ का? वहिनी, तुम्ही म्हणाल तसं. फ्रिस्कोला जायचं तर द्यावाच लागेल. एवढं पाणी विमानातून थोडंच जातं.
सांगते म्हटलं.
पिल्लं मोजायला बसले. सकाळी सात होती. आता नऊ. हललं की चुकतं, परत पहिल्यापासून. पाइपात आणखी असतील.
काकांना फोन करायचा आहे. गुरुवारपर्यंत सांगा म्हणाले.