‘करून द्या’ नाई, ‘करू’

जयभीम बाबा,

इथं चाकणले माही तब्येत चांगली हाये, डबाबी बरा भेटते. फोनवर तुमी विषय बदलता, म्हणून पत्र लिहून राह्यली.

सोयरीक जुळली तवा धम्मपालचे बाबा तुमाले म्हन्ले, "आमाले काईच नोको, फक्त लगन चांगलं करून द्या." तुमी हात जोडले अन् दुसऱ्याच दिवशी वाशीमले मंगल कार्यालय पाह्याले गेले. आई म्हन्ते, तवापासून तुमी जेवता जेवता बोटावर हिशोब करता. मांडव, जेवण, वऱ्हाडाच्या गाड्या, सारं त्या एका ‘द्या’मंधी येते, हे मले कळत नाई काय?

म्या धम्मपालले इचारलं, "लगन माह्या एकटीचं हाये काय?" तो हासला. मी नाई हासली. म्हन्लं, घरी जाऊन ‘करू’ म्हन.

त्याचे बाबा रुसले तर रुसू द्या. आपल्या विहारात लगन लावू, खर्च दोन्ही घरचा.

आईचा गुडघा कसा हाये?

अन् धम्मपालच्या बाबाचा फोन आला, पुन्हा ‘करून द्या’ म्हन्ले, तर हात जोडू नोका. इचारा, "मंग तुमच्या पोराचं लगन कोन करून देनार?"

अजून तुमच्याच घरची,
करुणा