दुधाबरोबर घेतलेली गोळी

ती. स्व. आत्या,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? देत नसेल तर चढू नकोस. (मोठी आली मला सांगणारी, असं वाटलं असेल तर पुढचं जरा बसूनच वाच.)

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की बाबांना दोन आजार आहेत, किडनीचा जुना आणि थायरॉईडचा नवा, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. साफ चूक. ते एकमेकांना चांगले ओळखतात आणि एकमेकांना वाढवतातही. किडनी अशक्त झालेल्यांमध्ये थायरॉईड मंदावलेला जास्त आढळतो आणि तो मंदावला की किडनीचं रक्त गाळणंही आणखी हळू होतं. हे मी डॉक्टरीणबाईंना इतक्यांदा विचारलं की शेवटी त्यांनी मला खुर्ची दिली.

बाबांचं सांगते. भर उन्हाळ्यात ते स्वेटर घालून रंधा मारतात. चेहरा सुजलेला, बोलणं संथ. परवा एका गिऱ्हाइकाच्या दाराला बिजागरी बसवताना त्याच दाराला टेकून झोपले. पलीकडून दार गिऱ्हाइकाने धरलं होतं. सोडलं तर बाबा पडणार, म्हणून तो बिचारा (घाईत होता, हे त्याने मला खिडकीतून खुणेनं सांगितलं) मी पोहोचेपर्यंत तसाच उभा. जागे झाल्यावर बाबा त्यालाच म्हणाले, "अहो, नीट धरा की! हलतंय."

थायरॉईडची गोळी चालू, डोसही वाढवला, तरी रिपोर्ट जिथल्या तिथे. किडनीचा आकडा मात्र चढलेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी पोटात जाते ना, की खिशात?" मी छातीठोकपणे सांगितलं की माझ्यासमोर जाते, नाश्ता झाल्यावर, किडनीसाठी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळीसोबत, पेलाभर दूध पिऊन. त्यांनी पेन खाली ठेवलं. ही गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी. दूध आणि कॅल्शियम तिला रक्तात नीट उतरूच देत नाहीत. "दुधाबरोबर घ्या म्हणून कुणी सांगितलं?"

आत्या, बाबा माझ्याकडे बघत होते आणि मी पंख्याकडे. शेवटी तेच अभिमानाने म्हणाले, "माझ्या ताईनं. आमच्या घरात उपाशीपोटी औषध घेत नाहीत."

ही पद्धत मलाही तूच लावलीस. तापाच्या गोळीला ती चालतही असेल, हिला चालत नाही. पण दवाखान्याबाहेर पडताच बाबांनी निकाल दिला, "त्यांना काय कळतंय? मला ताईनं वाढवलंय." डॉक्टरीणबाईंनी डोस पुन्हा पहिल्यासारखा केलाय आणि दीड महिन्याने तपासणी आहे. गोळी नीट गेली तर किडनीचा आकडा जितका थायरॉईडमुळे चढलाय तितका उतरेल, असं त्या म्हणतात. चढतच राहिला तर डायलिसिसची तयारी.

बाकी सर्व ठीक.

तुझी भाची

ता. क. हे पत्र गुडघ्याच्या चौकशीसाठी नव्हतं, हे कळलंच असेल. बाबांना फोन कर आणि तुझा हुकूम मागे घे. नुसतं पाणी म्हण. कारण विचारलं तर माझ्यावर ढकल.

आणखी एक ता. क. "ताईचा निरोप आलाय" असं खोटंच सांगायचा विचार केला होता. आरशासमोर सरावही केला, आवाज कापला. तेव्हा रविवारपर्यंत तुझा फोन आला तर उत्तम. नाही आला तर तुझी पद्धत मोडल्याचा दोष माझा. बाबा उठायच्या आत दुधाचं पातेलं माझ्या खोलीत कुलपात जाईल आणि मी पाण्याचा पेला घेऊन त्यांच्या उशाशी उभी असेन. येत्या सोमवारी.