निवेदनावरची दुसरी सही

रेल्वे क्वार्टर्स, दौंड
रविवार, २२ सप्टेंबर १९७४

प्रिय जालिंदर,
सप्रेम जय भीम.

चारचौघांत मी तुला अहो-जाहो करते, पण आज जे लिहायचं आहे ते अहो-जाहोत लिहिता येणार नाही. म्हणून सरळ तू. राग आला तर येऊ दे. पुढं त्याला आणखी कारण मिळणारच आहे.

आधी घरचं सांगते. आबांची बदली तूर्त टळली, ते लोको शेडमध्येच आहेत. आईचे गुडघे दुष्काळात खडी फोडायला बसून जे धरले ते अजून सुटले नाहीत. गेल्या बाजाराला तुझी आई खुटबावहून शेवग्याच्या शेंगा घेऊन आली होती. दोघी ओट्यावर पुष्कळ वेळ बोलत बसल्या. काय बोलल्या ते मला आतून ऐकू येत होतं, आणि तुलाही ठाऊक असणार. त्याचं शेवटी लिहिते. आपल्या पोरांच्या संपामुळे कॉलेज बंद आहे, मामीकडे शिरूरला नुसतं बसून काय करायचं म्हणून मी इथं आले. पण खरं कारण तेवढंच नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये ती नोटीस लागली तो दिवस तुला आठवत असेल. कलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी सामान्य विज्ञानाचा एक पेपर प्रात्यक्षिकासह पास व्हायचा, आणि शास्त्राच्या मुलांनी तसाच इतिहासाचा. पहिला आवाज तू उठवलास. पायरीवर उभा राहून म्हणालास, ज्या पोरांच्या शाळेत विज्ञानाचा मास्तरच कधी आला नाही, त्यांना गाळायला ही चाळण लावली आहे. मी तुझ्या शेजारी उभी होते. आमच्या हेडमास्तरांनी मला कलेला जा म्हणून सांगितलं होतं, तुमच्यातल्या मुलींना तेच बरं पडतं म्हणाले होते, आणि मी निमूटपणे गेले होते. तुझं बोलणं ऐकून वाटलं, आता तिथंही आपल्याला सुखानं राहू देत नाहीत. पहिल्या मोर्चाच्या घोषणा मीच लिहिल्या. त्या खोट्या नव्हत्या.

मग श्रावणात प्रात्यक्षिकं सुरू झाली. नगरकर सरांना आम्ही नकोच होतो. पिवळ्या पडलेल्या वहीतून ते वाचून दाखवायचे आणि घड्याळ बघायचे. एका दिवशी पाणी उकळून थर्मामीटरवर आकडा बघायचा होता. पुस्तकात शंभर छापलेलं, म्हणून सगळ्यांनी शंभर लिहिलं. माझ्या थर्मामीटरमधला पारा अठ्ठ्याण्णवाच्या पुढं जाईना. दोनदा पाणी बदललं, तरी अठ्ठ्याण्णवच. मी तेच लिहिलं. सरांनी लाल शाईनं काट मारली. जालिंदर, मी आयुष्यात कधी कुठल्या मास्तरांपुढं तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, सर, तुम्ही एकदा बघा. पोरं हसली. सर चिडून आले, वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले. मग दुसरा थर्मामीटर लावून पाहिला आणि खाली बसले. म्हणाले, आपलं शिरूर समुद्रापासून इतकं उंचावर आहे की इथं पाणी शंभरापर्यंत पोचायच्या आधीच उकळतं. मला हे माहीत होतं, सर म्हणाले, पण बारा वर्षांत कुणी मला लिहून दाखवलं नव्हतं. त्यांनी स्वतःची काट खोडली आणि बाजूला सही केली. त्या दिवसापासून ते वही न उघडता शिकवायला लागले.

त्या आठवड्यात घरी आले तेव्हा आबांना सांगितलं की उकळत्या पाण्याला कितीही आच दिली तरी पारा वर चढत नाही, ती सगळी आच पाण्याची वाफ करण्यात जाते, आणि तिला एक नाव आहे, सुप्त उष्णता. ते जेवायचे थांबले. बावीस वर्षं ते इंजिनाच्या वाफेत वावरतात. म्हणाले, "आगं, ही आच माझ्या हाताला ठावं हाय. तिला नाव हाय, हे ठावं न्हवतं." मग रोज विचारायला लागले, आज काय शिकलीस. इतिहासाचा तास झाला त्याचं त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

आता तुला न सांगितलेली गोष्ट सांगते. यंदाच्या निकालात मला त्या पेपरात एकाहत्तर गुण आहेत. तुला फक्त 'पास झाले' एवढंच सांगितलं होतं. तू चार गुणांनी गेला होतास, स्कॉलरशिप थांबली होती, वर्ष गेलं होतं, आणि त्या दिवशी तू घोडनदीच्या पुलावर पाण्याकडे बघत उभा होतास. मला माझा आकडा सांगवेना. ऑगस्टमध्ये तू निवेदन लिहिलंस, हा विषय मागच्या वर्षापासूनच कायमचा रद्द करा, आणि पहिली सही करून कागद माझ्यापुढं सरकवलास. मी सही केली. विषय रद्द व्हावा असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. तुझ्या नावाखाली माझं नाव यावं एवढंच वाटत होतं.

कदाचित मी गप्पच राहिले असते. पण त्या निवेदनासाठी केलेल्या संपाच्या तिसऱ्या दिवशी कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे बबनराव आले, मांडवात चहा पाठवला, तुझ्या पाठीवर थाप मारली. तू नंतर पोरांशी बोलत होतास. मी ऑफिसात पाणी प्यायला गेले तेव्हा ते हेडक्लार्कला म्हणत होते, "बरं झालं, पोरांनीच मागणी केली. आर्ट्सच्या पोरास्नी, त्यात वस्तीवरच्या, काचंच्या नळ्या कशाला पाहिजेत? उद्या म्हणतील आमाला डाक्टर करा." मी तिथल्या तिथं परत फिरले. तो चहा तू प्यायलास, मी प्यायले नाही. तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालास, एका माणसाच्या बोलण्यावरून दोनशे पोरांचं नुकसान करायचं का. त्याचं उत्तर आज देते.

नुकसान झालं हे खरंच आहे. मराठी पुस्तक नव्हतं, पन्नास पोरांत पाच थर्मामीटर होते, फेरपरीक्षेची कुणी नीट माहितीही दिली नाही. मग पुस्तक मागू. थर्मामीटर मागू. नापास झालेल्यांची स्कॉलरशिप थांबवू नका, त्यांना पुन्हा शिकवा, असं म्हणू. त्यासाठी मांडवात बसायला मी आजही तयार आहे. पण हे आम्हाला शिकवूच नका, असं आपल्याच तोंडानं का म्हणायचं? आपल्याला जे कधी मिळू नये म्हणून इतकी वर्षं खटपट चालली होती, ते चुकून एका सक्तीच्या नोटिशीनं हातात पडलं. मला कुणी विचारलं असतं, विज्ञान घेतेस का, तर मी नाहीच म्हणाले असते. मला नाही म्हणायलाच शिकवलं होतं. ती सक्ती नसती तर मला काय येतं हे मला कधी कळलंच नसतं. भांडगावची म्हाळसा आणि आणखी पाच जणी नापास झाल्या होत्या, त्यांना मी महिनाभर मामीच्या ओसरीत शिकवते आहे. त्यांना समजतं. शिकवलं की समजतं, जालिंदर.

तू म्हणशील, हे ललिताचं स्वतःसाठी चाललं आहे. आहेच. नगरकर सरांनी प्राचार्यांकडे माझ्यासाठी शब्द टाकला आहे. त्या एकाहत्तर गुणांवर मला येत्या जूनमध्ये प्री-डिग्री सायन्सला घेतील. माझ्याहून तीन वर्षांनी लहान पोरांत बसायचं, मग पुढं डिग्री. निवेदन मान्य होऊन विषयच मागच्या वर्षापासून रद्द झाला तर ते गुणही गेले. पण एवढ्यासाठीच असतं तर मी प्राचार्यांना गुपचूप भेटले असते, तुला हे पत्र लिहिलं नसतं.

आपल्या आयांनी वैशाखात आपलं लग्न ठरवत आणलं आहे. मी काल आईला सांगितलं, मला पाच वर्षं शिकायचं आहे. ती रडली. आबा म्हणाले, शिकू दे. तुला थांब असं मी म्हणणार नाही. थांबू नकोस असंही माझ्या तोंडून निघणार नाही. ते तुझं तू ठरव.

आणि हे पत्र आजच लिहायचं कारण. शुक्रवारी मी ऑफिसात जाऊन निवेदनाच्या प्रतीवरची माझी सही खोडली. तुझ्याजवळच्या मूळ कागदावरचीही खोड. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. बुधवारी तू पोरांना घेऊन विद्यापीठात जाणार आहेस. मीही सकाळच्या गाडीने पुण्याला येते आहे. तुझ्या हातात दोनशेवर सह्यांचं निवेदन असेल, माझ्या हातात सात जणींचा अर्ज: विषय ठेवा, नीट शिकवा. पोरं मला फितूर म्हणतील, म्हणू देत. मी फाटकाशी लपून उभी राहणार नाही. तू आधी आत जा, पहिला नंबर तुझा आहे. तुझ्यामागून मी जाईन आणि विद्यापीठातल्या साहेबांना सांगेन की याचं गाऱ्हाणं खरं आहे, मागणी चुकीची आहे. त्या पेपराच्या ऑक्टोबरमधल्या फेरपरीक्षेचा तुझ्यासाठी कोरा फॉर्म मी आणला आहे, भरायची मुदत शनिवारपर्यंत आहे. बाहेर आलास की तो तुला सगळ्यांसमोर देईन. हवा तर तिथंच फाड. नाही फाडलास, तर त्याच संध्याकाळपासून शिकवायला मी तयार आहे.

सही खोडली तरी तुझीच,
ललिता